गासेच्या पुस्तकातले पाचवे पान

गासेकडे माझे लक्ष पहिल्यांदा गेले ते ती काम करत नव्हती म्हणून. वसतिगृहासमोरचे अंगण रोज सकाळी झाडायचे काम तिचे, आणि ती झाडू हातात धरून नुसती उभी होती. मान खाली, नजर वाळूवर. मी मोसेत्लाच्या प्राथमिक शाळेत नुकतीच रुजू झाले होते. सव्वीस वर्षांची होते आणि नव्या शिक्षिकेला येतो तो रुबाब मलाही आला होता.

"काय गं, अंगण नुसतं बघून स्वच्छ होतं का?"

"झाडते बाई. आधी वाचून तर घेऊ द्या."

"काय वाचतेयस?"

तिने झाडूच्या टोकाने दाखवले. "स्वयंपाकीण आज उशिरा आलीय, आणि वाटेत कोणाशी तरी भांडून आलीय. माझी बेगा नळापाशी बराच वेळ उभी होती. आणि तुमचे बूट नवे आहेत. डावी टाच सोललीय."

माझी डावी टाच खरोखरच सोलली होती. मी काही बोलायच्या आत तिने एका कडेने झाडायला घेतले आणि पाच मिनिटांत सगळी बातमी पुसून टाकली.

गासे माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिच्या वयाच्या दुसऱ्या कुठल्याही बाईला मी 'काय गं' म्हटले नसते. 'म्मा' म्हणून आधी नमस्कार केला असता, घरच्यांची विचारपूस केली असती. पण गासे नारो होती, रानात माग काढून शिकारीवर जगत आलेल्या जमातीतली. आम्ही गुरे पाळणारे गाववाले त्यांना बसार्वा म्हणायचो, आणि रागावलो की त्याहून वाईट काहीतरी. माझ्या आजोबांच्या गुरांच्या तळावर अशी दोन कुटुंबे होती. 'आमच्या गाई' म्हणावे तसे आम्ही 'आमची माणसं' म्हणायचो. यात काही वावगे आहे असे शिक्षिकेची सनद हातात पडेपर्यंत मला वाटले नव्हते, आणि सनद मिळाल्यावरही लगेच वाटले नाही.

ती बुटकी, काटक, कायम अनवाणी. अंगात कुणा पुरुषाचे जुने जाकीट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खिशात एक छोटी चिलीम असायची. शाळेच्या आवारात ती कधी पेटवायची नाही, पण विचार करताना रिकामी चिलीम दातांत धरायची. तिने वसतिगृहातली धुण्याझाडण्याची नोकरी धरली होती ती बेगासाठी. रानातल्या वस्त्यांवरून ट्रकमध्ये भरून आणलेली नारो मुले दर सहामाहीत पळून जायची, साठ-साठ किलोमीटर चालत घरी. बेगा दोनदा पळाली होती. तिसऱ्यांदा तिला आणून सोडताना गासे परत गेलीच नाही. तिला मुलीला शिकवायचे होते, आणि मुलगी टिकायची तर आई जवळ हवी, एवढा तिचा सरळ हिशेब होता.

बेगा माझ्या तिसरीच्या वर्गात होती. प्रार्थनेला जाताना मुलांनी जोडीने हात धरून जायचे अशी शाळेची पद्धत. बेगाच्या वाट्याला आलेली गावातली मुलगी आपल्या स्वेटरची बाही बोटांवर ओढून घ्यायची आणि मग हात पुढे करायची. नळावरचा मग एकच होता. नारो मुलांनी ओंजळीने प्यावे असे कोणी फळ्यावर लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना माहीत होते.

त्या वर्षी राजधानीहून चित्रांच्या पुस्तकांचे एक खोके आले. गुळगुळीत कागद, झकास रंग. त्यातल्या एकात जगभरची मुले पृथ्वीच्या गोळ्याभोवती हात धरून उभी होती, गोरी, काळी, पिवळी, एक लाल केसांची. 'आपण सारे सारखे' असे मोठ्या अक्षरांत. वर्गाने ते माझ्यामागून खणखणीत आवाजात म्हटले. मी खूश झाले. घंटा झाली, मुले जोडीने रांगेत लागली, आणि त्या मुलीने बाही बोटांवर ओढली.

गासे मागे फरशी पुसत होती. मुले गेल्यावर तिने ते पुस्तक उचलले, ओल्या हाताचा डाग पडू नये म्हणून कोपरांनी उघडले, आणि बघत राहिली.

"बाई, हे चांगलं आहे," ती म्हणाली. "पण यात तर सगळ्यांनी हात धरलेत. माझ्या मुलीचा हात कोण धरत नाही, ते कुठल्या पानावर आहे?"

पुस्तक करणाऱ्यांच्या मनात गोरे आणि काळे होते. आमच्या वर्गात दोन तपकिरी रंग होते, एक जरा उजळ, आणि त्या दोहोंमधल्या कुंपणाविषयी त्या गुळगुळीत कागदाला काही ठाऊक नव्हते.

"मग तूच काढ ते पान," मी म्हटले. चिडूनच म्हटले होते, पण तिने ते मनावर घेतले.

आमचे मुख्याध्यापक मोगोदी सर. मनाने वाईट नव्हते, पण भित्रे. कोसी म्हणजे गावचा प्रमुख, शिक्षणाधिकारी, स्वतःची बायको, सगळ्यांना सारखेच भ्यायचे. त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. "चेहरे काढायचे नाहीत. नावं नाहीत. कातडीचा रंग नाही. उद्या कोणी म्हणायला नको की हा मी आहे."

"चेहरा एकही नाही काढणार सर," गासे म्हणाली. चिलीम दातांत होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पुस्तक सहा आठवडे चालले होते. साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे, कोळसा, चरबीत कालवलेली तांबडी माती. पोती शिवायच्या दोऱ्याने शिवलेले. दहा पाने, आणि प्रत्येक पानावर वाळू आणि वाळूत पावले. माणसे नाहीतच. खाली एकेक ओळ, बेगाच्या अक्षरात. सरांनी ते उलटसुलट पाहिले. "छान आहे. पावलंच आहेत की. पाऊल काय, कोणाचंही असतं," ते म्हणाले आणि शिक्का मारला.

मीही तेच समजत होते. आम्ही बाया रोज पहाटे अंगण झाडून पावले पुसणाऱ्या, ती वाचायची असतात हे आमच्या ध्यानीमनी नव्हते. नारो माणसाला मात्र चेहरा एकवेळ फसवेल, पाऊल फसवत नाही.

वाचनाच्या तासाला मी पहिले पान उघडले. बुटांचे ठसे, पुढची टोके बाहेर वळलेली, एका दारापुढे जवळजवळ पावले टाकत दहा वेळा गेलेले आणि दहा वेळा आलेले. खाली ओळ: 'या माणसाला कशाची भीती वाटतेय?'

मागच्या बाकांवरून, जिथून वर्षभर कधी आवाज आला नव्हता, एकदम हशा उठला. "मोगोदी सर! मोगोदी सर!"

"कशावरून?" पुढच्या बाकावरची ओनालेना उसळून म्हणाली. ही कोसींची पुतणी. बाही ओढणारी ती हीच.

"टाच बघ ना," बेगा म्हणाली. "सर बाहेरच्या कडेवर भार देतात. आणि हे शिक्षणाधिकारी साहेब येणार होते त्या दिवसाचं. सर ऑफिससमोर फेऱ्या मारत होते. घाबरले होते बिचारे."

"बिचारे कसले, मला छडी मारली होती त्या दिवशी!" मागून एक मुलगा ओरडला.

"घाबरले होते म्हणूनच मारली," बेगा म्हणाली.

तीस मुलांनी त्या पानाकडे पुन्हा बघितले. मग मी पान उलटले आणि पुढचा तासभर शिकवायचे काम मागच्या बाकांनी केले. हा का थांबला, हिने ओझे कुठल्या खांद्यावर घेतले होते, ही रडत होती की पळत होती. मधल्या सुट्टीत पाहिले तर गावातली मुले मैदानात उकिडवी बसून नारो मुलांना विचारत होती, "हे कोणाचं? आणि याला काय झालं होतं?"

तिसऱ्या पानावर नळ होता. नळापाशी लहान अनवाणी पावले, टाचा जोडलेल्या, बराच वेळ एका जागी. शेजारून मोठ्या नव्या बुटांचे ठसे सरळ निघून गेलेले, डावी टाच जेमतेम टेकलेली. खाली ओळ: 'ही पावलं थांबली नाहीत.'

मला पहिला दिवस आठवला. नळापाशी एक मुलगी रडत होती आणि मी, उशीर होतोय म्हणत, पुढे गेले होते. गासेने त्या सकाळी ते सगळे वाचले होते आणि मला फक्त टाचेबद्दल सांगितले होते. बेगाने माझ्याकडे बघून नजर खाली घातली. "तुम्ही आहात बाई," ती हळूच म्हणाली. मी म्हटले, "हो. मीच आहे."

गडबड झाली ती पाचव्या पानाने. अंगणाची बुटकी भिंत. भिंतीच्या आत मोठी पावले, भेगाळलेल्या टाचांची. बाहेर सात-आठ वर्षांच्या मुलाची पावले, बोटे वाळूत खोल रुतलेली. त्यांच्यासमोर एक वाडगा, वाडग्याभोवती कुत्र्याचे पंजे. खाली ओळ: 'आत यायचं नाही, असं हिला सांगितलं होतं.'

ओनालेना आठवडाभरात पावले ओळखायला शिकली होती. ती घरी जाऊन म्हणाली, "आजी, तू पुस्तकात आहेस."

दुसऱ्या दिवशी सरांनी गासेला बोलावले. मी तिथेच होते.

"पान फाड."

"नाही."

"गासे, ती कोसींची आई आहे! म्मा-ओरातिले! मी चेहरे नकोत म्हणून सांगितलं होतं की नाही?"

"एक तरी चेहरा दाखवा सर."

"शब्दांत पकडू नकोस मला. पान फाड, मी मिटवून टाकतो. नाही फाडलंस तर तुझी नोकरी मी वाचवू शकत नाही. मग पोरगी राहील का इथे?"

घाव वर्मी बसला. गासेने चिलीम तोंडातून काढली, खिशात ठेवली. "माग पुसायचं काम वाऱ्याचं असतं सर. तुम्ही वारा असाल तर पुसा. मी नाही पुसणार."

सरांनी पुस्तकाला हात लावला नाही. त्यांनी ते कोसींकडे पाठवून दिले.

शनिवारी गावसभा बसली. मोठ्या झाडाखाली लाकडी कुंपणाच्या अर्धवर्तुळात पुरुष खुर्च्यांवर, बाया डोक्याला फडके बांधून खाली. कोसींच्या उजव्या हाताला म्मा-ओरातिले, पायांवर घोंगडी. गासे मध्ये उभी, आणि कडेला, उन्हात, वसतिगृहातली सगळी मुले. त्यांना कोणी बोलावले नव्हते.

"हिच्या वतीनं कोण बोलणार?" कोसींनी विचारले. रीत तशीच होती. बसार्वा माणसाच्या वतीने त्याचा मालक बोले.

कोणी उठले नाही.

"मीच बोलते," गासे म्हणाली.

"तशी रीत नाही," एक म्हातारा पुटपुटला.

"मग रीतीलाही ऐकू दे, आजोबा. बसलीच आहे तर."

दोघे-तिघे हसले आणि खोकून हसू लपवले. पुस्तक हातोहात फिरले. कोसी तेहतीस वर्षांचे, शिकलेले, उगाच आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी पान पुढे धरले. "हे पाऊल माझ्या आईचं आहे, असं तुझं म्हणणं आहे?"

"म्हणणं कशाला? तिचंच आहे. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलंय. समोरच बसल्यात त्या, बघा सगळ्यांनी."

सगळ्या सभेने बघितले. म्मा-ओरातिलेंनी झटकन पाय घोंगडीखाली ओढले, आणि बायांच्या बाजूने फिस्सकन आवाज आला.

"आणि हे बाहेरचं?"

"माझं. सात वर्षांची होते. तुमच्या वडिलांच्या तळावर."

मोगोदी सर उठले. "कोसी, ही बाई बनवून सांगतेय. पावलं काय, कोणीही काढेल..."

तेव्हा मी उठले. मी शूर नाही. एक पाऊल पुढे टाकले, मागे घेतले, आणि तेही वाळूत उमटले असणार, असे उगाच मनात आले. "तिसऱ्या पानावरचे बूट माझे आहेत," मी म्हणाले. "ती मुलगी रडत होती आणि मी थांबले नाही. गासेने ते मला न विचारता काढलं, आणि ते खरं आहे. म्हणून पाचवंही खरंच असणार." आणि मी बसले. इतकेच माझे भाषण.

कोसी पानाकडे बघत होते. "एवढ्याशा मुलीचे ठसे इतके खोल कसे?" त्यांनी विचारले. मला वाटते, त्यांना चूक सापडली असे वाटले होते.

"पोरंही हेच विचारतात," गासे म्हणाली. "पाठीवर मूल होतं म्हणून. दिवसभर असायचं. जेवायची वेळ झाली की मी भिंतीपाशी उभी राहायचे, तुमची आई भिंतीवरून मूल आत घ्यायची, आणि मला वाडगा बाहेर द्यायची. मूल आत जेवायचं. मी बाहेर."

"कोणाचं मूल?"

"तुम्ही, कोसी. तुम्ही होतात पाठीवर. जड होतात. त्या वर्षी माझ्या डाव्या खांद्याला जे झालं ते अजून आहे."

ती थांबली नाही. "मी माफी मागायला आले नाही, मागवून घ्यायलाही नाही. माझी मुलगी या शाळेत शिकतेय. तिचा हात धरायला कोणी बाही ओढत असेल, तर ती बाही कुठून आली हे पोरांना कळू दे. पान राहील. मला काढायचं तर काढा."

मग म्मा-ओरातिले बोलल्या, मुलाशी नाही, थेट गासेशी. "तो वाडगा कुत्र्याचा नव्हता."

"आधी माझा होता. मग कुत्र्याचा," गासे म्हणाली. "पंजे माझ्या पावलांवर आहेत, खाली नाहीत. नीट बघा."

म्हातारीने पुस्तक घेतले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले. "इनॅमलचा होता," ती शेवटी म्हणाली. "निळ्या कडेचा. मी लग्नात आणलेला. तू साधाच काढलायस. काढायचं तर नीट काढावं."

एवढेच. पश्चात्ताप म्हणावा तर तसा नव्हता. पण आपल्या सुनेच्या चुका काढाव्यात तशा सुरात ती बोलली होती, आणि कडेच्या रंगावर भांडणारे माणूस पान खोटे आहे असे म्हणू शकत नाही. कोसींना ते कळले. "पुस्तक शाळेचं आहे. शाळेनं बघावं," असे म्हणून ते उठले, निकाल न देताच.

सोमवारी गासेने धुण्याची नीळ ओली करून वाडग्याला कड काढली. त्या पानाला पुन्हा कोणी हात लावला नाही. ओनालेनाने बाही ओढणे सोडले की नाही, असे मला पुष्कळ जण विचारतात. लगेच नाही. काही दिवस ती अर्धी बाही ओढायची. मग थंडी संपली आणि स्वेटरच गेले.

सहामाही संपताना पत्र आले. वसतिगृहातले धुण्याझाडण्याचे पद रद्द, कारण खर्चकपात. पाचव्या पानाचा त्यात उल्लेख नव्हता. मी गासेच्या वतीने अर्ज लिहायला बसले, तर तिने कागद बाजूला सरकवला. तिने शाळेच्या कुंपणाला अगदी लागून, फाटकापासून वीस पावलांवर, काटक्या आणि गवताची झोपडी उभी केली. शिपाई दोनदा हाकलायला गेला. जागा शाळेची नव्हती, त्यामुळे त्याला परत यावे लागले.

"म्मा, इथे किती दिवस राहणार?" मी विचारले. एव्हाना मी तिला म्मा म्हणू लागले होते.

"बेगा सातवी होईपर्यंत. कुंपणाबाहेर उभं राहायची मला सवय आहे बाई. फरक एवढाच, आता आतल्यांना मी रोज दिसते."

आणि मंगळवारी सकाळी ती फाटकातून आत आली, पाहुणी म्हणून वहीत अंगठा उठवला, आणि वाचनाच्या तासाला बसली. सरांनी वहीकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि ऑफिससमोर फेऱ्या मारायला लागले. पुढच्या मंगळवारी ती पुन्हा आली.

बेगा सातवी झाली, पुढेही शिकली, आता गांझीच्या दवाखान्यात परिचारिका आहे. मोगोदी सर बदलून गेले. म्मा-ओरातिले वारल्या तेव्हा गासे मयताला गेली आणि भिंतीच्या आत बसली. साबणाच्या पुठ्ठ्यांचे ते पुस्तक हाताळून झिजले की गासे नवी प्रत करते. आताची सहावी. तिसऱ्या पानावरचे बूट दर वेळी हुबेहूब माझेच असतात. मी एकदा म्हटले, म्मा, आता तरी थांबव की त्यांना. ती म्हणाली, "त्या दिवशी थांबले नव्हते ना? मग?"

गासे आज त्र्याहत्तर वर्षांची आहे. डाव्या डोळ्याला दिसत नाही. झोपडीच्या जागी बेगाने पत्र्याच्या दोन खोल्या बांधून दिल्या आहेत, कुंपणाला लागूनच. दर मंगळवारी ती फाटकातून शाळेत जाते, वहीत अंगठा उठवते, आणि पुस्तक कपाटातून स्वतः काढून घेते.